दुखत नसेल तर उपयोग काय?

आत्या औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, केदार संगणकातला. विषय निघाला वेदनाशामकांच्या चाचण्यांचा.

केदार : उंदरांचा छळ एकदाचा थांबेल, आत्या. अख्खा रुग्ण संगणकात उभा करायचा आणि औषध त्याच्यावर तपासायचं.

आत्या : आम्ही उंदराला 55 अंशांवर तापलेल्या पत्र्यावर ठेवायचो, हातात स्टॉपवॉच. त्याने मागचा पाय चाटला की वेळ टिपायची. औषध लागू पडलं तर तो उशिरा चाटतो. तुझा रुग्ण काय करणार?

केदार : दुखलं की सांगेल.

आत्या : खरंच दुखेल, की पडद्यावर नुसतं ‘दुखतंय’ उमटेल?

केदार : नुसतं उमटलं तर निकालावर कोण विसंबेल? नक्कल हुबेहूबच हवी.

आत्या : मग त्याचं दुखणंही खरं धर. निकाल तेवढा खरा आणि कळ खोटी, असं कसं चालेल?

केदार : अगं, आपण अजून कुठे आहोत! सूत्रकृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 सालीच छापून आला, तरी तो किडा संगणकात अजून धड जिवंत झालेला नाही. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे 8,600 कोटी.

(बचाव तसा बरा आहे. पण ‘अजून’ हा काही नैतिक मुद्दा नव्हे.)

आत्या : तुझ्याच्याने होणार नाही, कबूल. तुझ्याहून हुशार यंत्राच्याने?

केदार : तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉमने 2014च्या ‘सुपरइंटेलिजन्स’ या पुस्तकात हीच भीती मांडलीय. माणसं कशी वागतील हे ताडायला असं यंत्र आपल्या आतच माणसं घडवील, आणि काम झालं की पुसून टाकील.

आत्या : आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

केदार : पण त्यातून कॅन्सरच्या वेदनेवर औषध निघालं तर? खरी माणसं तळमळतायत गं.

आत्या : (जरा थांबून) म्हणूनच तर मी उंदीर वापरले. पण साधारण तीस सेकंद झाले की, चाटो न चाटो, त्याला उचलायचंच. नाहीतर पाय भाजतो. तुझ्या रुग्णाला भाजायला कातडीच नाही. त्याला कधी उचलणार?

केदार : गरजच काय? पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. त्याला मागचं काही आठवणारही नाही.

आत्या : म्हणजे कधीच नाही.