मिडवूफरचे प्रामाण्य

घरच्या घरी स्पीकर बांधू पाहणाऱ्यापुढे पेटीचे लाकूड, स्वरांची दोन एककांत वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरची जुळणी, ट्वीटरची जात असे अनेक प्रश्न उभे राहतात. परंतु ज्याचा निर्णय झाला की बाकीच्या बहुतेक निर्णयांना फारशी मुभा उरत नाही, असा प्रश्न मिडवूफरच्या निवडीचा होय. ट्वीटर आणि मिडवूफर एवढ्याच दोहोंच्या साध्या स्पीकरमध्ये साठ-सत्तर हर्ट्झपासून अडीच हजार हर्ट्झपर्यंतचा सारा मुलूख मिडवूफरच्या एका शंकूच्या स्वाधीन असतो. पुरुषाच्या बोलण्यातला शंभर-सव्वाशे हर्ट्झचा मूळ नाद त्यात येतो, आणि ज्यांच्यायोगे ‘आ’ व ‘ई’ वेगळे कळतात, भिंतीपलीकडे बोलतो तो आपला भाऊ की शेजारी हे उमगते, ते बहुतेक उपस्वरही त्यातच येतात. अशा शंकूच्या द्वारे आपण ज्यांना कधी पाहिले नाही, ज्यांच्या मैफलीत कधी बसलो नाही, अशा दिवंगत गवयांचा कंठ ऐकतो आणि तो तसाच होता असे मानतो. हे मानण्याचा आपल्याला अधिकार कोणता, हा प्रश्न वरवर ध्वनिशास्त्राचा दिसला तरी मुळात तो आप्तवाक्याच्या प्रामाण्याचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे नैयायिक व बौद्ध यांनी शतकानुशतके वाद घातलेला आहे.

निवडीचा आरंभ कागदावर होतो. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याचा स्पीकर १९२५ मध्ये मांडला, तरी कोणता शंकू कोणत्या पेटीत किती खालपर्यंत बोलेल याचे पूर्ण गणित हाती यावयास पुष्कळ काळ जावा लागला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी ते १९६१ मध्ये मांडले, अमेरिकेत त्याचे पुनर्मुद्रण १९७१ मध्ये झाले, आणि सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. त्यामुळे आज उत्पादकाच्या पत्रकात स्वाभाविक कंप्रता ४० हर्ट्झ, एकूण ‘क्यू’ ०.३८ आणि समतुल्य हवेचे आकारमान २५ लिटर असे तीन आकडे असले, तर बंद पेटी सुमारे १० लिटरची करावी आणि तीत ७४ हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागेल, हे लाकडाला करवत लावण्यापूर्वीच सांगता येते. धूर पाहून अग्नी ओळखण्याइतकेच हे अनुमान शुद्ध आहे. परंतु हे तीन आकडे शंकूच्या खालच्या टोकापुरतेच बोलतात. तो मधल्या पट्ट्यात खरे बोलेल की नाही, याविषयी त्यांच्यात एक अक्षरही नसते.

मधल्या पट्ट्यातली गोष्ट निराळी आहे, कारण तेथे शंकू एकसंध हलतो हे गृहीतच हळूहळू सुटू लागते. ॲल्युमिनियमचा शंकू पुष्कळ वरपर्यंत ताठ राहतो, पण जेथे मोडतो तेथे, पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढेमागे, घंटेसारखा वाजतो. आणि ही जागा क्रॉसओव्हरच्या वर असली तरी दोन हजार हर्ट्झच्या स्वराची तिप्पट कंप्रतेची विकृती नेमकी तेथेच जाऊन पडत असल्याने तिचा उपद्रव खालीही पोहोचतो. कागद आधीच वाकू लागतो, पण त्याच्या तंतूंतच कंप जिरविण्याचा गुण असल्यामुळे त्याचा दोष पसरट आणि सौम्य असतो. मी कागदाच्या बाजूचा आहे. ताठ धातूला आडवे दडपण लावून गप्प करण्यापेक्षा जो आपल्या मर्यादेजवळ सावकाश थकतो तो मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

येथेच भाषापरिच्छेदासारख्या न्यायग्रंथांतला एक जुना विचार आठवतो. शब्द कानापर्यंत कसा येतो याची दोन मते तेथे सांगितली आहेत: पाण्यावरच्या तरंगामागून तरंग उठावा तसा, किंवा कदंबाच्या फुलातले केसर एकाच वेळी सर्व दिशांना निघावेत तसा. मिडवूफरच्या बाबतीत मला ही दुसरी कल्पना फार उपयोगी वाटते. सतरा सेंटिमीटरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मिडवूफरचा प्रत्यक्ष हलणारा व्यास तेरा सेंटिमीटरच्या आसपास असतो. शंभर हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब, म्हणून त्या स्वराला हा शंकू कदंबाप्रमाणे खोलीभर उधळतो. पण २६०० हर्ट्झजवळ लहरीची लांबी शंकूच्या व्यासाएवढीच होते, आणि तोवर त्याचा आवाज समोरच्या दिशेला पुष्कळ गोळा झालेला असतो. समोर बसलेल्याला सरळ ऐकू येणारा आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज मग एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून मोठ्या शंकूच्या मोहात न पडता क्रॉसओव्हर या जागेच्या बराच खाली आणता येईल असाच एकक घ्यावा.

एवढे झाल्यावरही पत्रकात सारखेच दिसणारे दोन शंकू शेजारी ठेवून निवाडा करावयाचा राहतोच, आणि तो कानानेच करावा लागतो. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी यासाठी मनुष्याचे बोलणे हीच कसोटी धरली: स्टुडिओत प्रत्यक्ष बोलणारा, शेजारच्या खोलीत त्याचाच आवाज देणारा स्पीकर, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारा ऐकणारा. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी जागेच्या टंचाईसाठी घडविलेल्या अवघ्या पाच लिटरच्या ‘एलएस ३/५ए’मध्ये केईएफ या कंपनीचा ‘बी ११०’ हा बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा लेपयुक्त शंकू होता. त्यात खर्ज जेमतेम असूनही बोलणे इतके खरे होते की बोलणाऱ्याची ओळख क्षणात पटावी. या कसोटीचे बळ प्रत्यभिज्ञेत आहे. ‘हा तोच देवदत्त’ असे ज्ञान होण्यास देवदत्त पूर्वी पाहिलेला असावा लागतो; तसे घरातल्या माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच घरात वाजविला तर त्याच्या सत्यासत्याचा दाखला आपल्यापाशी आधीच असतो.

परंतु गायिका केसरबाई केरकरांचा दाखला कोणापाशी आहे? ज्यांनी त्यांना ऐकले ते बहुतेक गेले; १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी ज्या कोणा श्रोत्यांसाठी अंतराळात गेली, त्यांनी तर मनुष्याचा कंठच कधी ऐकलेला नसेल. मग घरच्या आवाजावर पारखलेला शंकू केसरबाईंविषयी खरे सांगतो हे कशावरून? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या आह्निकाच्या अखेरीस, वेदांविषयी हाच प्रश्न येतो आणि उत्तर असे मिळते की आयुर्वेदाचे सांगणे आपण अनुभवाने पडताळून पाहू शकतो, ते खरे ठरते, आणि ज्या आप्तांनी ते सांगितले त्यांचेच स्वर्गासारख्या अदृष्टाविषयीचे सांगणेही त्याच कारणाने प्रमाण मानावे. स्पीकर बांधणारा प्रत्येक मनुष्य नकळत हाच युक्तिवाद करतो.

सातव्या शतकातल्या बौद्ध धर्मकीर्तीने या युक्तिवादाच्या वर्मावर बोट ठेवले आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण सर्वच करतो. पण भांड्यातले पुष्कळ दाणे शिजलेले दिसले म्हणून, केवळ त्याच भांड्यात आहेत एवढ्याने, उरलेलेही शिजलेच असे सिद्ध होत नाही. त्याच जातीचे, त्याच आचेने शिजलेले दाणे असे म्हणता आले तरच ते अनुमान टिकते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण तो विश्वासाला सीमा आखून देतो. केसरबाईंचा कंठ आणि माझ्या घरातल्या माणसाचा कंठ या दोहोंना हा शंकू एकाच कंपनाने, एकाच मर्यादेत, मध्यम आवाजात हलवितो. तेथे आच एकच आहे आणि विश्वास सयुक्तिक आहे. तोच शंकू पखवाजाच्या थापेला मोठ्या आवाजात वेटोळ्याच्या मोकळ्या हालचालीबाहेर ढकलला गेला, की तेथे कारणच बदलते, आणि घरच्या आवाजाचा दाखला तेथे रुजू होऊ शकत नाही.

न्यायसूत्रांचा युक्तिवाद मी याच सीमेपर्यंत मानतो. औषधीचा गुण ज्या मार्गाने कळला त्याच मार्गाने स्वर्ग कळला, असे दाखविता आले तरच तो पूर्ण होईल, आणि ते दाखविलेले मला कोठे आढळले नाही. धर्मकीर्ती स्वतःही अत्यंत परोक्ष विषयांत आगमाचा आश्रय सोडत नाही. परंतु अन्य गती नाही म्हणून तो घेतला जातो, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. ही कबुली दिल्याने श्रद्धा दुबळी होते असे मला वाटत नाही. भाविक मनुष्य प्रत्यक्षात जे करतो त्याच्या ती अधिक जवळ आहे. केसरबाईंच्या तबकडीपाशीही तेच घडते: त्या काळचा मायक्रोफोन, लाखेच्या तबकडीतली खाच, तिची झीज, यांतला एकही दुवा माझ्या परीक्षेला उपलब्ध नाही, आणि तरीही दुसरा मार्ग नसल्याने मी तिचे सांगणे स्वीकारतो. परीक्षा करता येते ती केवळ शेवटच्या दुव्याची, म्हणून जुन्या तबकडीला गोडवा आणणारा, तिची खरखर झाकणारा मिडवूफर कितीही श्रुतिसुखद असला तरी मी घेणार नाही. जो घरच्या माणसाचा पडशाने बसलेला आवाज बसलेलाच ऐकवील, तो कागदी शंकू दहा लिटरच्या बंद पेटीत बसवीन आणि ७४ हर्ट्झच्या खालचे जे जाईल ते जाऊ देईन.