जागल्याची हाळी

गावगाड्यात जागल्या असे. रात्री गस्त घालावी, चोराची वा आगीची चाहूल लागताच हाळी द्यावी, हे त्याचे काम. हाळी देताना समोरचे घर सज्जनाचे आहे की उधळ्याचे, हे पाहत बसण्याची त्याला मुभा नव्हती. आग कोणाच्या हलगर्जीपणाने लागली याचा निवाडा सकाळी चावडीवर होई. रात्रीपुरता प्रश्न एवढाच असे की झोपलेली माणसे वेळेत जागी होतील की नाही.

आधी हाळी आणि मग निवाडा, हा क्रम आगीच्या बाबतीत आपण निमूट मान्य करतो. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र तो मान्य करताना आपले मन कचरते. नशा करणाऱ्यास सावध करणे म्हणजे त्याच्या नशेला हातभार लावणे तर नव्हे, अशी शंका येते. ही शंका क्षुद्र नाही. तिचा विचार करण्याचे निमित्त काही देशांनी उभारलेल्या एका व्यवस्थेने दिले आहे.

अफूला आणि गांजाला शेत लागते, ऋतू लागतो. कृत्रिम अमली पदार्थाला एखादे गोदाम, चार पिंपे आणि एक जाणकार रसायनतज्ज्ञ पुरतो. कायद्याने एक रसायन निषिद्ध ठरविले की त्याच्या रेणूची रचना किंचित बदलायची. यादीत नसलेले नवे रसायन बाजारात येते. म्हणून युरोपीय संघाने १९९७ साली अशा पदार्थांसाठी पूर्वसूचना यंत्रणा सुरू केली. प्रत्येक सदस्य देशात तिचे एक राष्ट्रीय केंद्र असते. सीमाशुल्क खात्याने पकडलेली भुकटी, पोलिसांच्या प्रयोगशाळेत आलेली गोळी, इस्पितळात बेशुद्ध दाखल झालेल्या तरुणाचे रक्त, शवविच्छेदनात राखून ठेवलेले नमुने, यांतून जे अनोळखी रसायन सापडेल ते या केंद्राला कळवायचे. केंद्राने ते लिस्बन येथील युरोपीय संस्थेला कळवायचे आणि तिने इतरांना सावध करायचे. २०१४ या एकाच वर्षात अशी १०१ रसायने तेथे प्रथमच नोंदली गेली. म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन. २०२३ च्या अखेरीस साडेनऊशेहून अधिक रसायने या संस्थेच्या देखरेखीखाली होती. त्यांतील पुष्कळांचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा कधी रीतसर अभ्यास झालेलाच नाही. कितीशी मात्रा मारक, हे कोणाच्या तरी मृत्यूनंतर उमगते.

नेदरलँड्समध्ये तर १९९२ पासून एक पाऊल पुढे टाकलेले आहे. गोळी विकत घेतलेला मनुष्य ती ठरावीक केंद्रात तपासणीसाठी देऊ शकतो. त्याचे नाव नोंदले जात नाही. निकाल सांगताना त्याच्याशी धोक्याविषयी बोलणे मात्र होते. डिसेंबर २०१४ मध्ये अशी एक गुलाबी गोळी तपासणीस आली. तिच्यावर सुपरमॅनचे चिन्ह होते. घेणारे तिला ‘एक्स्टसी’ समजत होते. तिच्यात निघाले पीएमएमए नावाचे रसायन, आणि तेही मोठ्या प्रमाणात. याचा अंमल सावकाश चढतो. एका गोळीने काही होत नाही असे वाटून मनुष्य दुसरी घेतो आणि मग शरीराचा ताप भलताच चढून दगावू शकतो. डच संस्थेने लागलीच देशभर जाहीर इशारा दिला. गोळीचा रंग सांगितला, चिन्ह सांगितले. तेथे त्या गोळीने मृत्यू झाल्याची नोंद नाही. उत्तर समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये, नाताळ आणि नववर्षाच्या त्याच दिवसांत, चार जणांचे मृत्यू तशाच गोळीशी जोडले गेले. समुद्राच्या एका काठावर जे ठाऊक होते, ते दुसऱ्या काठावर गोळी मुठीत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नव्हते.

आता वाचकांतील एखादी आई म्हणेल, ‘माझ्या मुलाने या गोळ्यांचे नावही ऐकू नये म्हणून मी जपते, आणि तुम्ही त्याला गुलाबी कोणती नि निळी कोणती ते शिकवणार?’ या मातेला घाईने उत्तर देऊ नये. अंधारात मद्यपी मनुष्य कठडा नसलेल्या विहिरीकडे चालला असेल, तर आपण ओरडून त्याला थांबवितो. त्या ओरडण्याने त्याच्या मद्यपानाला आपली संमती मिळते असे कोणी म्हणत नाही. परंतु हा दृष्टान्त पुरता लागू पडत नाही. ही गोळी मारक आहे असे म्हटले की बाकीच्या गोळ्या चालतील, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो. शिवाय ज्या घरात त्या गोळीचे नावही नव्हते, तेथे इशाऱ्याबरोबर तिचे नाव शिरते. डच मंडळींनी ही अडचण ओळखून दोन पथ्ये पाळली आहेत. ते कोणत्याही गोळीला निर्धोक म्हणत नाहीत. आणि प्रत्येक निकालाचा ते डांगोरा पिटीत नाहीत; बहुतेक निकाल गोळी आणणाऱ्यापुरता आणि जाणकारांपुरता राहतो, देशभर हाळी जाते ती जिवावरचा धोका असेल तेव्हाच. मला हे पथ्य महत्त्वाचे वाटते. रोज रात्री ओरडणाऱ्या जागल्याकडे गाव लक्ष देत नाही.

तरीही त्या मातेच्या हरकतीतला एक भाग उरतोच, आणि तो उरतो हे मान्य केले पाहिजे. इशाऱ्यामुळे कोणाचे कुतूहल चाळवलेच जाणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण मौनही निर्दोष नसते. मौनाची किंमत मोजणारा मुलगा बहुधा दुसऱ्या कोणाचा असतो, म्हणून ते मौन आपल्याला सोपे वाटते.

इशारा खराही असला पाहिजे. मार्च २०१० मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावी दोन तरुण मरण पावले. हे मेफेड्रोनचे बळी, असा वृत्तपत्रांनी एकच गिल्ला केला. १६ एप्रिलला तेथे त्या पदार्थावर बंदी आली. मे महिन्यात रासायनिक तपासणीचा निकाल लागला: दोघांपैकी कोणीही मेफेड्रोन घेतलेले नव्हते. बंदी अनाठायी होती असे यावरून म्हणता येत नाही. तो पदार्थ घातक होता आणि आहे. पण वडीलधाऱ्यांचा इशारा खोटा निघाल्याचे ज्या तरुणाने पाहिले, त्याच्या लेखी पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत किती राहिली असेल? भले व्हावे म्हणून भय वाढवून सांगणे हे आपल्याकडेही पुष्कळांना क्षम्य वाटते. मला ते वाटत नाही. ‘हे रसायन कोणते ते अद्याप समजलेले नाही, पण इस्पितळात येणारे वाढले आहेत’ हे अर्धेच वाक्य आहे, पण ते खरे आहे. आणि पूर्वसूचना यंत्रणेत काम करणाऱ्यांना अशीच अर्धी वाक्ये बोलण्याचे धैर्य लागते.

हे मेफेड्रोन आपल्याला परके नाही. ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावांनी ते मुंबईत पसरले. युरोपच्या यंत्रणेत त्याची नोंद २००८ मध्ये झाली होती. आपल्या देशात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोपर्यंत ते बाळगणाऱ्यावर त्या कायद्याखाली कारवाई करणे पोलिसांना शक्य नव्हते. २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलोंचा साठा सापडला, तेव्हा आपण वर्तमानपत्र हातात घेऊन चकित झालो. सात वर्षांच्या त्या फटीत काय काय रुजले असेल, याचा विचार तेव्हा कोणी फारसा केला नाही.

पण यंत्रणेला तरी बातमी देतो कोण? माझ्या मते सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिन शहरात हेरॉइन म्हणून विकलेल्या भुकटीने थोड्याच दिवसांत पन्नासहून अधिक माणसे अत्यवस्थ झाली. भुकटीत नायटाझिन गटातील एक रसायन निघाले. हा गट मुळात १९५० च्या दशकात वेदनाशामक औषधांच्या शोधात तयार झाला आणि औषध म्हणून बाजारात कधी आलाच नाही. आयर्लंडच्या आरोग्यसेवेने तातडीचा इशारा दिला. तो देता आला याचे कारण, रुग्णवाहिकेचे कर्मचारी, डॉक्टर आणि व्यसनी माणसांत वावरणारे कार्यकर्ते यांच्याकडून बातमी विनाविलंब वर पोचत होती. त्याआधी २०२२ मध्ये त्याच देशातील एका मोठ्या संगीतमहोत्सवात आरोग्यसेवेने पेट्या ठेवल्या होत्या. ज्याच्याजवळ गोळी वा पूड असेल त्याने ती नाव न सांगता पेटीत टाकावी. प्रयोगशाळा ती तपासून धोका आढळल्यास महोत्सवातच जाहीर करील. पेटीपाशी पोलीस टपून बसणार नाहीत, हा भरवसा नसता तर पेट्या रिकाम्याच राहिल्या असत्या.

आपल्या धर्मग्रामांत अशी पेटी नाही. आपल्याकडे घर आहे, आणि घराची अब्रू. तरुण मुलगा अचानक जातो. ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे सांगितले जाते, आणि कधी शवविच्छेदन टळावे म्हणून ओळखीच्या माणसाकरवी शब्दही टाकला जातो. त्या आईबापांना दोष देण्यास जीभ रेटत नाही. चारचौघांत आपल्या लेकराची बदनामी होऊ नये, ही इच्छा प्रेमाचीच आहे. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मुलाचे नाव झाकण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. चर्चच्या आवारात त्याची वाच्यता करण्यास कोणी बांधलेले नाही. त्याने काय घेतले, हे डॉक्टरपासून झाकण्याचा अधिकार मात्र मला सापडत नाही, कारण त्याच पुडीतला दुसरा भाग त्या रात्री दुसऱ्या कोणाच्या खिशात असू शकतो.

त्या मुलाबरोबर बसलेले मित्र असतात, त्यांचे काय? कॅनडाने २०१७ साली कायदा केला: अतिसेवनाने कोणी कोसळल्यास जो मदतीला बोलावील, त्याच्यावर आणि कोसळलेल्यावर निव्वळ पदार्थ बाळगल्याचा खटला भरला जाणार नाही. आपल्या १९८५ च्या कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून अभय देण्याची तरतूद आहे, आणि ती अनेक वकिलांनाही चटकन आठवत नाही. रात्री दोन वाजता मित्र निळा पडत चालला असताना हातात दूरध्वनी धरून पोलिसांचा हिशेब करणारा मुलगा तरी ती कोठून आठवणार? त्याला ती आधीच कोणीतरी सांगितलेली असावी लागते. ते सांगण्याची जागा न्यायालय नव्हे. जेवणाचे टेबल, युवक मंडळाची बैठक, शाळेचा शेवटचा तास.