न दिसलेल्याची आकृती

दिवाळीच्या सुट्टीत पुतणी घरी आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे होते, दुसरीत वनस्पतिशास्त्राचे जर्नल. बाहेरगावच्या एका महाविद्यालयात ती विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. देवरूखच्या आमच्या घराला जर्नल ही वस्तू नवी नाही. मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या बोलीत दहावी. पुढे चित्रकलेचे शिक्षण घेऊन शाळेत मुलांना रेघा शिकवू लागलो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. परंतु आळीतल्या कॉलेजकुमारांच्या जर्नलांतून माझ्या पेन्सिलीने बरीच वर्षे मुशाफिरी केली आहे. पाठ्यपुस्तक समोर उघडे ठेवायचे आणि सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद, मक्याच्या खोडाचा आडवा छेद, कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी, असे एकामागून एक उतरवून द्यायचे. कुणी बदल्यात ओले काजूगर आणून दिले, कुणी नुसतेच "मास्तर, उपकार झाले" म्हटले. शेजाऱ्याच्या मुलाचे काम अडू नये, एवढाच हेतू. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा मनातही आले नाही.

पुतणीही तेच काम घेऊन आली असणार, असे समजून मी पेन्सिलीला टोक काढायला घेतले. तिने मात्र जर्नल उघडून एका पानावरची लाल रेघ दाखवली. खाली शेरा होता: 'आकृती पुन्हा काढा.' तिने सूक्ष्मदर्शकातून जसे दिसले तसे काढले होते. वर्तुळ एका बाजूला तुटलेले, आणि मध्ये जाड काळ्या कडेचा एक गोल. तो हवेचा बुडबुडा होता, हे तिला मागाहून कळले. शेजारच्या मुलीने नळीत डोळा न घालता पुस्तकातली आकृती उतरवली. तिच्या पानावर सही झाली.

"काका, मी पाहून काढलं ते चूक, आणि तिनं न पाहता काढलं ते बरोबर. मग प्रयोगशाळेत जायचंच कशाला?"

प्रश्न वनस्पतिशास्त्राचा असता तर मी हात वर केले असते. पण हा वनस्पतिशास्त्राचा नव्हता.

प्रथम शिक्षकाची बाजू घेतली पाहिजे, कारण मीही त्याच जातीचा. हवेचा बुडबुडा म्हणजे पेशी नव्हे, हे सांगणे त्याचे कामच आहे. नवशिक्या डोळ्याला जे दिसते ते सारे खरे मानले तर शास्त्र एका दिवसात बुडेल. शिवाय वर्गात मुले पुष्कळ आणि यंत्रे मोजकी असली, म्हणजे प्रत्येकाच्या नळीत डोकावून 'हिने पाहिले होते काय' याची चौकशी कोण करणार? आकृती पुस्तकाशी जुळली की सही, हा सोपा मार्ग. 2020 साली टाळेबंदीत तर कित्येक मुलांनी सारे प्रयोग फोनच्या पडद्यावर पाहिले. पडद्यावरचा छेद कधी तिरका जात नाही, फाटत नाही, आणि कुणाचे बोटही कापत नाही.

तरीही मन घेईना. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाची पातळ चकती भिंगाखाली धरली आणि रिकामे रिकामे कप्पे पाहिले. पेशीला इंग्रजीत जे नाव आहे ते त्याने त्या कप्प्यांना दिले. कप्पे रिकामे होते, कारण बूच हे मेलेल्या पेशींचे असते. त्याने रिकामेच काढले. पेशीतल्या केंद्रकाला त्याचे नाव मिळाले ते 1831 साली, रॉबर्ट ब्राउनकडून, ऑर्किडच्या पेशींवरून. आजच्या पुस्तकातील पेशीशी ताडून पाहिले तर हूकच्या आकृतीवर लाल रेघच पडेल. पण बुचापुरती ती आकृती साडेतीनशे वर्षांनंतरही खरी आहे.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. पुण्याजवळ दापुरीला, म्हणजे आजच्या दापोडीला, गेल्या शतकाच्या मागच्या शतकात सरकारी वनस्पतिउद्यान होते. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका देशी पोर्तुगीज चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. ते झाड ज्यांच्या दृष्टीस कधी पडणार नाही अशांसाठी तो काढत होता, म्हणजे त्याच्या डोळ्यावर परक्यांचा विश्वास टाकलेला होता. आकृती ही साक्ष असते. खाली नाव घातले की 'हे मी पाहिले' असे आपण जगाला सांगतो. मी आळीतल्या किती मुलांच्या नावाने अशा साक्षी दिल्या, याचा हिशेब त्या दुपारी मनात सुरू झाला.

कादंबरीकाराची गोष्ट त्याहून वाईट. एका कादंबरीत मी ऐन श्रावणात सुरंगी फुलवली होती. कोकणात जन्म जाऊन! सुरंगीचा बहर होळीच्या आगेमागे, हे गजरे ओवणाऱ्या पोरीलाही ठाऊक असते. मला वाक्यात सुगंध हवा होता, झाड पाहायची गरज वाटली नाही.

"चल, पाहूच," मी म्हटले. पुतणीजवळ कागदाच्या घडीचा एक सूक्ष्मदर्शक होता. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली जगापुढे आणलेला हा फोल्डस्कोप वस्तू सुमारे 140 पट मोठी दाखवतो. परसातून जास्वंदीची कोवळी फांदी आणि मक्याचे ताट आणले. स्वयंपाकघरातला एक बटाटा चिरून त्याच्या खाचेत फांदी धरली आणि तिने ब्लेडने काप घ्यायला सुरुवात केली. पहिले काप चकलीएवढे जाड. मग कागदासारखे. मग असे की बशीतल्या पाण्यात पडले की दिसेनात. ते उचलायला माझा शून्य नंबरचा ब्रश कामी आला. वर लाल रंगाचा एक थेंब, मग काच.

मी डोळा लावला. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला असे काही पहिल्यांदाच पाहायला मिळणे ही लाजेची गोष्ट की भाग्याची, कोण जाणे. जास्वंदीत लाकूड कड्यासारखे गोल बसलेले. मक्यात मात्र ठिपके साऱ्या अंगभर विखुरलेले.

"काका, त्या लाकडाच्या आणि सालीच्या मध्ये पेशींचा एक पातळ थर असतो, वाढत राहणारा. कलम बांधताना दोन फांद्यांचे तेच थर एकमेकांना भिडले पाहिजेत. मक्यात तो थर नाही. माडातही नाही."

आंब्याचे कलम होते आणि माडाचे होत नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मीही ते जन्मभर जाणत होतो. का, हे कधी विचारले नव्हते.

मी उत्साहाने कागद ओढला आणि जास्वंदीचा छेद काढू लागलो. हात सरावाचा, रेघ सुरेख फिरली. पुतणीने एकदा भिंगातून पाहिले, एकदा कागदाकडे.

"काका, ही खालची बाजू तुम्हाला दिसली?"

दिसली नव्हती. काप तिरका गेला होता आणि कड्याचा एक भाग तुटून राहिला होता. माझ्या हाताने तो आपणहून पुरा केला होता. पुस्तकातल्या आकृत्या उतरवून उतरवून हाताला कडे पाठ झाले होते, आणि डोळा उघडा असूनही त्याचे काही चालले नाही. पाहून काढणारी मी म्हणवून घेत होतो, आणि निघालो तिच्या शेजारणीच्या पंक्तीतला.

मी रबर उचलला. पण तिने मला खोडू दिले नाही. कागद आपल्याकडे घेऊन शेजारी दुसरी आकृती काढली, अर्ध्या कड्याची, थोडी वेडीवाकडी. खाली लिहिले: 'काप तिरका गेल्याने उरलेला भाग दिसला नाही. डावीकडचा काळा गोल हवेचा बुडबुडा आहे.' तेच तिने जर्नलच्या नव्या पानावर उतरवून काढले. त्यावर सही होईल की लाल रेघ, ते सुट्टी संपल्यावर कळेल. शेजारच्या घरातून मागच्या आठवड्यात आणखी एक जर्नल माझ्याकडे आले आहे. ते टेबलावर तसेच पडून आहे, आणि त्या मुलाला काय सांगायचे ते मला अजून सुचलेले नाही.

"भावोजी," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भाजीतला बटाटा कुणी नेला हो?"