नाकेबंदी आणि नीति

शस्त्र न उचलतां शत्रूला वांकविण्याचा मार्ग सांपडला, तर तो कोणास नको आहे? रणांगणावर रक्त सांडतें, आक्रोश ऐकूं येतो, आणि विजयी राष्ट्राच्या मनालाही त्याची टोचणी लागते. याच्या उलट, परराष्ट्राशीं चाललेला व्यापार एका हुकुमानें थांबविला, पेढ्यांतील त्याचा पैसा गोठविला, त्याच्या जहाजांना बंदरें बंद केलीं, म्हणजे सर्व कांहीं कागदावर घडतें. कोणाच्या हाताला रक्त लागत नाहीं. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत आर्थिक निर्बंधांचा कायदा हें सुधारलेल्या राष्ट्रांचें आवडतें हत्यार होऊन बसलें आहे. आपल्याही सरकारनें २ मे २०२५ रोजीं पाकिस्तानांतून येणाऱ्या सर्व मालाची आयात बंद केली, तेव्हां पहलगामच्या हत्याकांडानें संतप्त झालेल्या आपणां सर्वांना तें योग्यच वाटलें. आमच्या घरीं तेव्हां एकादशीचें सैंधव संपलें होतें. "आतां तिकडचें येत नाहीं," असें वाण्यानें सांगितल्यावर आम्ही मोठ्या अभिमानानें रिकाम्या हातीं परत आलों.

परंतु घरीं येतां येतां आम्हांला दुसऱ्या एका मिठाची आठवण झाली, आणि तो अभिमान कांहींसा उतरला. त्या आठवणींतून जो प्रश्न उभा राहतो तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें मूळ गांव देवगांव रंगारी. तें औरंगाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या, कन्नड तालुक्यांत आहे; १९४८ सालीं हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. कन्नडपलीकडे औट्रम घाट उतरला कीं चाळीसगांव, म्हणजे मुंबई प्रांताचा पूर्व खानदेश. पश्चिमेस नाशिक जिल्हा, आणि त्यांतील मनमाडहून औरंगाबादकडे येणारी निजामाची आगगाडी. निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता. त्यामुळें बाहेरचें मीठ आमच्या गांवीं यावयाचें तें अशाच एखाद्या नाक्यावरून.

देश स्वतंत्र झाला तरी निजाम संघराज्यांत सामील झाला नाहीं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं उभय सरकारांत एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोंच तंटे सुरू झाले. निजाम सरकारनें भारतीय चलन आपल्या राज्यांत अग्राह्य ठरविलें, सोन्यारुप्याची निर्यात अडविली, आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचें कर्ज भारत सरकारच्याच रोख्यांत देऊं केलें. कासीम रझवीच्या रझाकारांनीं गांवोगांव लूट आणि खून चालविले. दुसऱ्या बाजूला सरहद्दीच्या नाक्यांवर माल अडूं लागला, आणि जून १९४८ मध्यें वाटाघाटी फिसकटल्यावर तो फास आणखी आवळला. मीठ, औषधें, पेट्रोल, फार काय, पाणी शुद्ध करण्याचें क्लोरीनही मिळत नाहीं, अशी तक्रार दिवाण मीर लायक अली यांच्या सरकारनें केली. भारत सरकारचें उत्तर असें कीं, बंदी आहे ती शस्त्रांना आणि युद्धोपयोगी मालाला. आर्थिक नाकेबंदी अशी कांहीं नाहीं.

आमची आजी तेव्हां नुकतीच संसाराला लागलेली सून होती. रझाकारांच्या भयानें घरचे कर्ते पुरुष रात्रीं मळ्यांत निजत. स्वयंपाकघरांतील खडेमिठाचें गाडगें जसजसें खालीं जाऊं लागलें, तसतसें ती आमटींत मीठ मोजून घालूं लागली. एके दिवशीं सांजवेळीं गांवांतील एक मजूरबाई मूठभर मीठ मागावयास आली. आमच्या घरीं निदान ताक होतें, लोणचें होतें. तिच्या घरीं भाकरी आणि मिरची, आणि त्यांना चव आणणारें मीठ हेंच काय तें कालवण. आजीनें गाडग्यांतलें निम्में मीठ तिच्या पदरांत घातलें. ही हकीकत सांगतांना आजी कोणालाही दोष देत नसे. "आपलं सरकार यावं म्हणून अळणी खाल्लं, त्याचं काही नाही," असें ती म्हणे, आणि थोडें थांबून पुढें म्हणे, "पण आम्हाला विचारलं कुणी?"

या प्रश्नाचें उत्तर आम्ही पुष्कळ दिवस शोधीत आहों. निर्बंधांचा पुरस्कार करणारे म्हणतात कीं, राजा प्रजेच्या करावर जगतो; प्रजेचा व्यापार आटला कीं राजाचें बळ खचतें. शिवाय आपल्या जिवावर उठलेल्या सरकारला आपण होऊन माल पुरविण्यास कोणतेंही राष्ट्र बांधलेलें नाहीं. हें आम्हांलाही मान्य आहे. रझाकारांच्या मोटारींचें पेट्रोल अडविण्यांत अधर्म होता, असें कोण म्हणेल? परंतु पेट्रोल आणि मीठ यांत भेद आहे. निजाम त्या काळीं जगांतील अत्यंत श्रीमंत पुरुषांत गणला जाई. त्याच्या ताटांत मीठ कमी पडलें असेल, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. टंचाई पाण्यासारखी असते. ती उतार पाहून वाहते आणि सखल जागीं सांचते. आणि आमच्या मुलखांतील प्रजेची स्थिति तर काय होती? तिच्या मतानें दिवाण येत नसे आणि जात नसे. त्यांतील पुष्कळ लोक मनानें भारताच्याच बाजूचे होते. ज्यांच्या सुटकेसाठीं नाकेबंदी करावयाची, तिचा पहिला चटका त्यांनाच बसावा, हा कसला न्याय?

यावर कोणी म्हणेल कीं, स्वातंत्र्यासाठीं दुःख सोसावेंच लागतें. खरें आहे, पण सोसणें आणि सोसावयास लावणें या दोन गोष्टी एक नव्हेत. परदेशी कापडाची होळी करणाऱ्यानें स्वतःच जाडेंभरडें अंगावर घातलें. १९४६ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेषी कायद्यांच्या निषेधार्थ आपण त्या देशाशीं व्यापार बंद केला, तेव्हां आपल्याही व्यापाऱ्यांनीं त्याची झीज सोसली. पुढें १९५९ सालीं त्याच देशांतील आफ्रिकी जनतेचे पुढारी अल्बर्ट लुथुली यांनीं जगाला आपल्या देशाच्या मालावर बहिष्कार घालावयास सांगितलें, आणि त्यापासून आपल्या लोकांना होणारा त्रास आपणांस ठाऊक आहे, तो आम्ही पत्करतों, असेंही बजावलें. तेथें जे उपाशी राहणार होते, त्यांच्या वतीनें कोणी तरी 'होय' म्हटलें होतें. आजीनेंही कदाचित् 'होय'च म्हटलें असतें. मजूरबाईनें काय म्हटलें असतें, तें आम्ही सांगूं शकत नाहीं; आणि तें सांगण्याचा अधिकारही आम्हांला नाहीं.

आमच्या मतें हैदराबादच्या प्रकरणांतील मोठा दोष हा कीं, ती नाकेबंदी उघड कायद्यानें झालीच नाहीं. वर नाकबूल करावयाचें आणि नाक्यावर अडवावयाचें, असा तो प्रकार होता. जी बंदी सरकार मान्यच करीत नाहीं, तिच्यांतून मीठ वगळा, असा अर्ज तरी कोणाकडे करावा? सुरक्षा समितीनें ठरविलेले निर्बंध अंमलांत आणण्याचा अधिकार आपल्या सरकारला देणारा कायदा १९४७ सालींच झाला होता. म्हणजे दूरच्या राष्ट्रांशीं वागावयाचें तर कायदा होता. शेजारच्या प्रजेशीं वागतांना मात्र मूक संमति पुरली. कायद्याला निदान अक्षरें असतात. त्यांत काय अडवावें आणि काय सोडावें तें लिहावें लागतें, त्याखालीं कोणाची तरी सही असते, आणि त्या सहीला जाब विचारतां येतो.

मात्र कायदा झाला म्हणजे नीति साधली, असेंही नाहीं. इराकनें कुवेत गिळल्यावर चारच दिवसांनीं, ६ ऑगस्ट १९९० रोजीं, सुरक्षा समितीनें त्याच्यावर निर्बंध घातले. ठरावांत औषधें वगळलेलीं होतीं. तरी पाणी शुद्ध करण्याचें क्लोरीन तेथेंही अडलें, कारण त्यापासून विषारी वायु होऊं शकतो. हैदराबादेंत ज्याची तक्रार झाली होती, तेंच हें क्लोरीन! संयुक्त राष्ट्रांचे तेथील मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनीं १९९८ सालीं या धोरणाच्या निषेधार्थ आपली जागा सोडली. सद्दाम हुसेन मात्र २००३ च्या युद्धापर्यंत आपल्या जागीं राहिला. क्यूबावर अमेरिकेनें १९६२ सालीं घातलेल्या बंदीला १९९६ च्या कायद्यानें असा पक्का बांध घातला कीं, ती एकट्या अध्यक्षालाही उठवितां येऊं नये. अलिखित बंदीला मर्यादा नसते. लिहिलेल्या बंदीचा लिहिणाऱ्याला विसर पडतो.

मग नाकेबंदीपेक्षां युद्ध बरें काय? इतिहास वरवर पाहणारा तसें म्हणेल. महिनोन्महिने माल अडवून जें झालें नाहीं तें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं निघालेल्या फौजेनें पांच दिवसांत केलें. गोव्यांतही १९५५ सालीं आगगाडी बंद झाली, मुंबईंतील गोवेकराला घरीं पैसा पाठविणें दुरापास्त झालें. पण पोर्तुगीज सरकारनें अन्नधान्य बाहेरून आणिलें, लोहखनिज परदेशीं विकलें, आणि तें हललें नाहीं. शेवटीं डिसेंबर १९६१ मध्यें फौजेनेंच दोन दिवसांत निकाल लाविला. परंतु फौजेचा हिशेब पांच दिवसांवर संपत नाहीं. हैदराबादच्या कारवाईनंतर त्या सबंध राज्यांत, विशेषतः उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत, मुसलमान वस्तीवर जो सूड उगविला गेला, त्यांत किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मेलीं असावीं, असा अंदाज सरकारनेंच नेमलेल्या सुंदरलाल समितीनें केला. आणि तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. तेव्हां युद्ध स्वस्त, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. मीठ अडविणें हें अजूनही माणूस मारण्यापेक्षां बरें. पण तें निष्पाप आहे, या समजुतीनें अडविणें बरें नव्हे.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. शत्रु-सरकारवर निर्बंध घालावयाचे तर ते उघड कायद्यानें घालावे. ज्यावांचून गरिबाचें ताट रितें राहतें आणि रोगी दगावतो त्या वस्तु त्यांत नांवानिशीं वगळाव्या. मुदत ठरवावी, आणि ती संपल्यावर पुन्हां तोंड उघडून कारण सांगावें. आणि ज्या प्रजेला चटका बसणार, तिचीं जीं कोणीं खरीं माणसें बोलूं शकत असतील त्यांचें मत आधीं घ्यावें. एवढें केल्यानें अन्याय नाहींसा होईल असें नाहीं; पण त्याला उत्तर देणारा कोणी तरी असेल.

आमच्या घरीं आतां दुसरीकडचें सैंधव येतें, आणि एकादशी नेहमीसारखी पार पडते. आमची झीज ती एवढीच. सरहद्दीपलीकडे सैंधव फोडणाऱ्या मजुराची झीज किती, हें आम्हीं वाण्याला विचारलें नाहीं, आणि वाण्याला तें ठाऊकही नसावें. तरी पण आजी असती तर तिनें तेंच पहिल्यानें विचारलें असतें, असें आम्हांला वाटतें.