जवाच्या पाच भाकरी आणि गावचे हायस्कूल

(शास्त्रभाग : योहान ६:५-१३)



गालील समुद्रापलीकडे पाच हजार पुरुषांचा समुदाय भुकेला होता, आणि शिदोरी मिळाली ती एका मुलापाशी. त्याचे नावही शास्त्रात नाही. भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. अंद्रियाने त्याला प्रभूपुढे आणले खरे, पण त्याच दमात एवढ्याने काय भागणार, अशी शंकाही काढली.

आपल्या लेकरांविषयी आपणही असेच बोलतो. "मजुराचे पोर! दहावी होऊन काय करणार?" सन २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु नववी-दहावीचे वर्ग बहुधा त्या वयापलीकडे पडतात. वस्तीची शाळा संपते, हायस्कूल परगावी असते, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची गाडी दारी येऊन उभी राहते. मग लेकरू, विशेषतः मुलगी, शाळेतून गळते.

सन १९२४ मध्ये भाऊराव पाटील ह्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे नाना जातींची खेड्यांतील मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, त्या मुलांच्या अन्नासाठी दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. हे कुटुंब आपल्या मंडळीतले नव्हे, जैन होते. शेजारी कोण, हे प्रभूने शोमरोनी मनुष्याच्या दाखल्याने शिकविले. तोच धडा येथेही आहे.

तेव्हा प्रत्येक मंडळीने आज विचार करावा. आईबाप कारखान्यावर गेले म्हणजे त्यांच्या मुलीस हंगामभर आपल्या घरी कोण ठेवून घेईल? रोजच्या दळणातून मूठभर धान्य तिच्यासाठी कोण बाजूस काढील? उपदेशकांनीही मुलांच्या हजेरीची चौकशी घरोघर करावी, आणि ती गाडी येण्यापूर्वी करावी; मागाहून केलेली चौकशी व्यर्थ होय.

सर्व तृप्त झाल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याने भाकरीचा तुकडा वाया जाऊ दिला नाही, तो आपल्या एका लेकराचा हिशेब आपणांपाशी मागणार नाही काय? त्याची कृपा तुम्हांबरोबर असो. आमेन.