खलपुरुषाचा भाव

जुने ते सोने, असे आपण म्हणतो. पण जुना दुष्टही सोन्याच्या मोलाचा ठरतो, असे कोणी सांगितले असते, तर आपल्या वाडवडिलांनी त्याला वेड्यात काढले असते. अमेरिकेत मात्र हे खरे झाले आहे. १९४० च्या वसंतात तिथे ‘बॅटमन’ या चित्रकथांच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. किंमत दहा सेंट. पांढराफटक चेहरा, हिरवे केस आणि ओठांवर गोठलेले हसू असलेला जोकर नावाचा खलपुरुष त्या अंकात पहिल्यांदा अवतरला. त्याच अंकाची एक उत्तम राखलेली प्रत जानेवारी २०२१ मध्ये लिलावात २२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली!

या किमतीत बॅटमनच्या नावाचा वाटा मोठा आहे, हे उघड आहे. परंतु खलपुरुषाचे ‘प्रथम दर्शन’ ही त्या बाजारात एक स्वतंत्र जिन्नस आहे. डॉक्टर डूम १९६२ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात आला, ग्रीन गॉब्लिन १९६४ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या चौदाव्या अंकात आला, हे अंक जाणकारांच्या जिभेवर असतात. अमुक खलपुरुष आता सिनेमात येणार, अशी नुसती कुणकुण लागली, तरी त्याच्या पहिल्या अंकाचा भाव चढू लागतो. लोक शेअर घेतात तसे हे अंक घेतात आणि तिजोरीत ठेवतात.

सज्जन माणसाच्या मनात इथे सहज प्रश्न येईल : दुष्टावर पैसे लावून श्रीमंत होणे हे बरे का?

माझ्या मते यात दुष्टाची पूजा नाही. खलपुरुषावाचून कोणत्याही कथेला चव येत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आपली दिवाळीसुद्धा नरकासुरावाचून सुरू होत नाही. गोव्यात तर तरुण पोरे कित्येक दिवस खपून नरकासुराचे प्रचंड पुतळे उभारतात. त्याचे सुळे किती भयंकर, डोळे किती लाल, यांवर वाड्यावाड्यांत चढाओढ लागते, बक्षिसे दिली जातात. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच हातांनी तो पुतळा जाळला जातो. पुढल्या वर्षी नवा पुतळा, नवे सुळे.

अमेरिकेने आपला असुर जाळला नाही. त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. त्या पहिल्याच अंकात जोकरची दुसरी कथा आहे आणि मूळ बेताप्रमाणे तिच्या शेवटी तो मरायचा होता. पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या ध्यानात आले, की असा खलपुरुष पुन्हा मिळायचा नाही. त्यांनी शेवटी एक चित्र वाढवायला लावले, आणि जखमी जोकर जगणार असल्याचे डॉक्टरच्या तोंडून वदवले. एका चौकटीने त्याला अमर केले. १९५४ मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, आणि तीत सत्पक्षाचा नेहमी जय झालाच पाहिजे, असा दंडक घातला. जय रोज होत राहिला. पण जोकर काही संपला नाही. सज्जनांच्या विजयाचा रतीब चालू ठेवायचा, तर दुर्जनाला जगवणे भागच होते.

तेव्हा खलपुरुषाला भाव का, हे कोडे फारसे अवघड नाही. मला खरे कुतूहल आहे ते या अंकांच्या दुर्मिळतेचे. लाखांनी छापलेली ही पुस्तके गेली कुठे? काही दुसऱ्या महायुद्धातल्या कागदगोळा मोहिमांत गेली. काही नीतिरक्षकांनी जाळविली. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी शाळकरी मुलांकडूनच त्यांची होळी करविण्यात आली. कागदही हलका, काळाबरोबर पिवळा पडून तुटणारा. पण बहुतेक प्रती मुलांनी वाचून वाचून संपवल्या. ज्यांच्या लहानपणी मुंबईहून निघणारे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होते, त्यांना हे सांगायला नको. वेताळाचा एक अंक दहा घरे फिरत असे, आणि परत येई तेव्हा त्याला मुखपृष्ठ उरलेले नसे. म्हणजे आज लाखो डॉलरांना विकल्या जाणाऱ्या प्रतीची किंमत ज्या प्रती चिंध्या झाल्या त्यांनी वाढवलेली आहे. शेकडो पोरांच्या आनंदाचे ते व्याज एकाच्या पदरात पडते.

मग ज्या थोड्या प्रती वाचल्या, त्या कोणी वाचवल्या? त्या काळी भाव असा नव्हताच. दहा सेंटांचा अंक वाचून झाला की त्याची रद्दी होई. तरी काही वेड्यांनी तो पेटीत जपला, आईच्या साफसफाईपासून लपवला. नफ्याची कल्पनाही त्यांच्या स्वप्नात नसावी. त्यांना तो नुसता आवडला होता.

याची उलट परीक्षाही झाली आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘सुपरमॅन’चा पंचाहत्तरावा अंक निघाला. डूम्सडे नावाच्या राक्षसाच्या हातून सुपरमॅनला मरण, असा तो प्रसंग. जुन्या अंकांच्या किमती ऐकून तोवर सगळ्यांचे डोळे विस्फारले होते. लोकांनी रांगा लावल्या. प्रती लाखांनी खपल्या. काळ्या पिशवीत बंद करून आलेला अंक कित्येकांनी न फोडताच कपाटात ठेवला – मुलाच्या कॉलेजची सोय होईल म्हणून! सर्वांनीच जपला, म्हणून तो दुर्मिळ झालाच नाही. सुपरमॅन तर पुढल्याच वर्षी परत आला. त्या धंद्याचा फुगा लवकरच फुटला, कितीतरी दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलसारख्या प्रकाशनसंस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जे आवडीने जपले त्याला भाव आला. जे भावासाठी जपले त्याची रद्दी झाली.

आपल्या भाषेत ‘भाव’ हा शब्द बाजारातही चालतो आणि देवळातही. दोन्ही अर्थ एका शब्दात कसे राहतात, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. बाजारातला भाव हा कुणाच्यातरी मनातल्या भावाची पडछाया असते. मूळ वस्तू दूर सारून नुसती सावली साठवू पाहणाऱ्याची तिजोरी रिकामीच राहायची.

तरी एक शल्य उरतेच. २००० सालापासून अमेरिकेत अशा अंकांना दहापैकी गुण देऊन ते कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करण्याची पद्धत रूढ झाली. पेटी उघडली, की गुण रद्द! पुस्तक दिसते, पण त्याचे पान उलटता येत नाही. आणि आत कोंडलेल्या त्या कथा लिहिणारा बिल फिंगर? तो १९७४ साली निवर्तला. बॅटमनचा सहनिर्माता म्हणून त्याचे नाव अधिकृतपणे छापले जाऊ लागले ते २०१५ मध्ये. लाखोंच्या व्यवहारात निर्मात्याच्या हाती काही पडले नाही, आणि वाचकालाही वाचायला मिळाले नाही.

गुंतवणूक करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या पेटीमुळेच कदाचित शंभर वर्षांनी एखादी प्रत शिल्लक राहील. माझे मागणे इतकेच, की बंद पेटीतल्या एका प्रतीमागे घरात एक स्वस्त, पुनर्मुद्रित प्रत असावी आणि तिची पाने पोरांच्या फराळाच्या बोटांनी तेलकट व्हावीत. त्या डागांना बाजारात शून्य गुण आहेत. पण उद्या जोकरला भाव देणारा माणूस जन्माला येणार आहे, तो त्याच पानांतून.