सैरंध्रीसाठी मागणं

आई अंबाबाई, तुझ्या एका हातात म्हाळुंग, एका हातात गदा. उरलेल्या दोन हातांत ढाल आणि पानपात्र. लेकराच्या ओंजळीत फळ घालायचं आणि त्याच्यावर चालून येणाऱ्याला गदेने अडवायचं, दोन्ही तूच करतेस. आज तुझ्या गावच्या सैरंध्रीसाठी मागायला आले आहे.

रविवर्म्यांनी द्रौपदी, सीता, दमयंती विलायती पद्धतीच्या तैलरंगात रंगवल्या. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुराणातल्या बायका घरोघरच्या भिंतींवर आल्या, हाडामांसाच्या होऊन. आमच्या बाबूराव पेंटरांनी त्यांना चालतं केलं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता शिकलेला हा माणूस. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली.

पण मला आठवते ती भर दरबारात कीचकाची लाथ खाल्लेली सैरंध्री, म्हणजे वेष पालटलेली द्रौपदी. विराट राजा गप्प, वेषांतर केलेले नवरे गप्प, आणि ती एकटी सगळ्यांना जाब विचारते आहे.

आई, त्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या. सातच वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषाला करावं लागलं होतं. सिनेमात काम करणारी बाई म्हणजे वाया गेलेली, असं उघड बोललं जायचं. त्या बोलण्यासकट त्यांनी तोंडाला रंग लावला. आणि बाबूरावांची चित्रपट कंपनी उभी राहावी म्हणून गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा पुढे केला. समाजाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्याच जिवावर आमच्या गावची कला उभी राहिली, हे मला विसरू देऊ नकोस.

चित्रातल्या बाईचं दुःख देखणं असतं गं. तिच्या गालावरचा थेंब बघून आमचा ऊर भरून येतो, आणि भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. एवढी स्वस्त दया आमच्यात ठेवू नकोस. दया दे ती अंगात बळ घेऊन येणारी दे. बळ दे ते कुणाला तुडवण्यासाठी नको.

ही खणानारळाची ओटी त्या तिघींच्या नावाने आणली आहे, पदरात घे. आणि उद्या चारचौघांत कुणा बाईवर हात उगारला गेला, तर मला विराटाच्या दरबारात बसू देऊ नकोस. हाताला धरून उठव.